सहीशिवाय सुरू करू नये

माझ्या मामेसासऱ्यांइतका शिस्तीचा माणूस देवाने दुसरा घडवला नसावा, आणि घडवला असलाच तर पहिल्याचा अनुभव लक्षात घेऊन त्याला रोहा तालुक्यापासून लांब ठेवला असावा. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी ऑपरेटर म्हणून उभा जन्म काढला. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांना घरी पाठवलं. कंपनीची समजूत अशी की माणूस गेला. प्रत्यक्षात मामांनी अख्खी कंपनीच घरी नेली होती आणि याचा पत्ता अजून तिकडे कुणाला लागलेला नाही. कंपनीत धोक्याचं कोणतंही काम लेखी परवानगीशिवाय, म्हणजे परमिटाशिवाय, सुरू होत नाही आणि परमिटावर सेफ्टी ऑफिसरची सही लागते. घरच्या सेफ्टी ऑफिसर म्हणून मामींची नेमणूक झाली. मामी सातवीपर्यंत शिकलेल्या, पण सही अशी ठसठशीत करतात की कलेक्टरने दोन मिनिटं बघत राहावं. नवा जावई म्हणून मी पहिल्यांदा रोह्याला गेलो तेव्हा चहा उकळायच्या आत गॅस संपला. मामांनी सिलिंडरला हात लावला नाही. आधी चष्मा लावला, परमिटाचं पुस्तक काढलं आणि कार्बन घालून लिहायला बसले. कामाचं स्वरूप: सिलिंडर बदलणे. संभाव्य धोका: गळती, आग, जावई उपाशी. मामींनी सही केली आणि पाऊण तासाने चहा आला. चहा देताना मामा म्हणाले, "उशीर झाला, पन जीव वाचला."

ही परमिटाची पुस्तकं आता मीच छापतो. पेणला माझं स्टेशनरीचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मामांनी कंपनीचा जुना नमुना आणून दिला आणि मी हुबेहूब छापून दिला, अगदी तळाशी 'वैधता: सकाळी सहा ते दुपारी दोन' या ओळीसकट. ती ओळ काढू का, म्हणून मी विचारलं होतं. "परमिटाला मुदत नसंल तर ते परमिट कसलं? तो मग लग्नाचा दाखला झाला," असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं. एका साध्या ओळीने पुढे काय घोळ घातला ते सांगणारच आहे, पण त्यात माझाही हात होता हे आधीच कबूल केलेलं बरं.

परमिटाच्या जोडीला शिफ्ट. मामांच्या घरात आजही तीन शिफ्ट चालतात आणि तिन्ही शिफ्टना माणूस एकच. दुपारी दोनला सकाळच्या शिफ्टचे मामा लॉगबुकात नोंद करतात, खाली सही ठोकतात, अंगणात एक फेरी मारतात आणि दुपारच्या शिफ्टचे मामा होऊन आत येतात. आल्या आल्या ते आधीची नोंद वाचतात आणि त्यांचं डोकं फिरतं. एकदा माझ्यादेखतच झालेला प्रसंग. सकाळच्या मामांनी लिहिलं होतं, 'दूध ओट्यावर. मांजर आसपास. पुढच्या शिफ्टने लक्ष द्यावे.' पुढची शिफ्ट अंगणातून येईपर्यंत मांजराने आपलं काम उरकलं होतं. रिकाम्या पातेल्याकडे बघत मामा कडाडले, "ह्या सकालच्या शिफ्टवाल्याला काडीची अक्कल नाय! झाकन ठेवाया काय झालं व्हतं?" मामी आतूनच म्हणाल्या, "अवो, तो शिफ्टवाला तुमीच व्हते ना?" मामा पातेलं पालथं घालत म्हणाले, "म्हनून तर सोडला त्याला. नायतर मेमोच देनार व्हतो."

अशा माणसाला दुनिया घाबरून असायची, पण देवाने त्यांच्यात एक खोट ठेवून दिली आहे. मामांना गाडी लागते. कुठलीही गाडी लागते. एसटी लागते, रिक्षा लागते, लग्नाच्या वऱ्हाडात सजवून उभी केलेली, इंजिन बंद असलेली मोटारसुद्धा लागते. आगगाडीने पेणला यायचा एकदा त्यांनी प्रयत्न केला होता. नागोठण्याला हिरवे-पिवळे होऊन उतरले आणि चालत रोह्याला परत गेले. कुणाच्या स्कूटरवर मागे बसवलं तर समोरच्या माणसाची पाठ बघूनच त्यांच्या पोटात ढवळतं. आयुष्यभर त्यांना मानवली ती फक्त स्वतःची सायकल. कंपनीला सायकल, बाजाराला सायकल आणि दर हिवाळ्यात एकदा रोह्याहून थेट पेणला, आपल्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, सायकल. आमच्या सासूबाई माझ्या घरी राहतात. मामांना त्यांनी कडेवर घेऊन वाढवलेलं. वालाच्या शेंगा भरल्या की मामांनी रोह्याच्या शेंगा, भांबुर्ड्याचा उग्र वासाचा रानपाला आणि मडकं सायकलला बांधून आणायचं आणि आमच्या मागच्या अंगणात पोपटी लावायची, हा त्या दोघांचा नेम. पोपटी म्हणजे पाला, शेंगा, ओवा, मीठ आणि मधे अंडी असं मडक्यात ठासून भरायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. झाली की नाही हे कळायला तापल्या मडक्यावर पाण्याचे थेंब मारून आवाज ऐकतात. आमच्याकडे तो आवाज मामाच ऐकणार. सासूबाईंच्या मते रायगड जिल्ह्यात तेवढा कान दुसऱ्या कुणाला नाही.

गेल्या वर्षी मामांचे गुडघे गेले. रोहा आणि नागोठण्याच्या मधे भिसे खिंड आहे. तिच्या पायथ्याशी ते तासभर बसून राहिले आणि सायकल हातात धरून माघारी फिरले. पोपटी झाली नाही. मी आपला शहाणपणा करून पेणच्या बाजारातून शेंगा आणल्या, तर सासूबाईंनी त्यांना हात लावला नाही. वर मला म्हणाल्या, "जावयबापू, शेंगा मिळतात हो बाजारात. माझा भाऊ मिळतो काय बघा जरा." पुढच्या पावसाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि काठी हातात आली. काठी घेऊन त्या खोलीतून पुढच्या दारापर्यंत यायच्या. उंबरा ओलांडत नव्हत्या. डॉक्टर म्हणत होते चाला, आम्ही म्हणत होतो चाला, त्या म्हणत होत्या, "कुनाकडं चालू?" फोनवर मात्र त्या मामांना रोज एकच प्रश्न विचारायच्या: औंदा येतोस ना? आणि मामा रोज सांगायचे, येतंय गो बाय. म्हातारीचा तो आवाज ऐकून मला धास्ती वाटायची, कारण औंदाचीही पोपटी चुकली तर पुढच्या वर्षीची वाट बघायला ती राहील की नाही, याची आम्हा कुणालाच खात्री नव्हती.

तेव्हा मामांनी ठरवलं की गुडघे नाहीत तर इंजिन. नवी इलेक्ट्रिक सायकल घ्यावी असं मी सुचवून पाहिलं. पण पेन्शनला हात लावायचा नाही ही मामींची अट होती आणि दुकानातल्या वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही ही मामांची. बजेट म्हणजे मामींनी रद्दी विकून जे दिलं तेवढंच. खांबच्या एका भंगारवाल्याकडे गवत कापायच्या मशीनचं इंजिन पडलेलं मामांना दिसलं. पात्याचा दांडा तुटलेला, पण इंजिन धडधाकट. मामांनी त्याबदल्यात भंगारवाल्याचा बिघडलेला वजनकाटा आणि दोन पंप दुरुस्त करून दिले आणि इंजिन पिशवीत घालून, सायकल ढकलत, पायी रोह्याला आणलं. जोडकामाला हसनभाय आले. हे मामांचे शाळूसोबती, कुवेतमध्ये वीस-पंचवीस वर्षं गाड्या दुरुस्त करून परतलेले. रोह्यात त्यांच्या पान्यांच्या पेटीला लोक सलाम करतात. पेट्रोलची टाकी म्हणून मामांचा कंपनीत न्यायचा कडीचा डबा निघाला. त्याला पाण्याच्या जुन्या फिल्टरची तोटी बसवली. इंजिनाच्या टोकाला गिरणीच्या पट्ट्याचा तुकडा गुंडाळलेला रोलर बसवला आणि तो मागच्या टायरवर दाबून ठेवला. इंजिन फिरलं की रोलर फिरणार, रोलर फिरला की चाक फिरणार, इतकं ते सोपं होतं. सोपं असूनही दोन महिने लागले, कारण दर नटाला परमिट होतं. हसनभाय कपाळावर हात मारून म्हणायचे, "अरे, कुवेतमध्ये एवढ्या वेळात आमी ट्रक बांधून विकला असता!" त्यावर मामा म्हणायचे, "आनि पडला किती जनांच्या अंगावर?"

पहिली ट्रायल पडवीत झाली. सायकल स्टँडवर, चाक अधांतरी, हेल्मेट घातलेले मामा दोरी ओढायला, हसनभाय कारभार बघायला आणि मामी वाळूची बादली घेऊन पायरीवर. तिसऱ्या ओढीला इंजिन असं काही गरजलं की शेजारच्या आवाठातली, म्हणजे आळीतली, कुत्री एकदम गप्प झाली. मामांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, आणि तेवढ्यात थरथरीने स्टँड सरकला. चाक जमिनीला टेकलं आणि ती सायकल मालकाविना निघाली. पडवीतून अंगणात, अंगणातून तुळशीला वळसा घालून शेजाऱ्यांच्या कुंपणात. वाटेतल्या कोंबड्या जन्मात पहिल्यांदा कौलावर गेल्या. हसनभाय ओरडत होते, "पकडा! पकडा तिला!" मामा त्याहून मोठ्याने ओरडत होते, "कोनी हात लावू नका! आधी अपघाताची नोंद!" कुंपणात अडकलेली सायकल चाक गरगर फिरवत पालापाचोळा उडवत होती आणि मामा शांतपणे जागेचा नकाशा काढत होते. शेवटी मामींनीच जाऊन तोटी बंद केली.

या प्रकारानंतर रस्त्यावर न्यायच्या परमिटावर सही करायला मामींनी साफ नकार दिला. मशीन तयार, शेंगा भरलेल्या, पेणला म्हातारी डोळे लावून बसलेली आणि सही नाही. मामांनी नियम मोडून निघून जायचं मनातही आणलं नाही. रोज सकाळी परमिट भरायचे, मामींच्या पुढे ठेवायचे, मामी न बोलता त्याच्यावर भाजी निवडायच्या. आठ दिवस असं चाललं. शेवटी सासूबाईंचा फोन मामींनी घेतला. दोघी नणंद-भावजया काय बोलल्या ते ठाऊक नाही, पण फोन ठेवल्यावर मामींनी भाजीखालचं परमिट ओढून घेतलं, पदराने पुसलं आणि सही केली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'खिंडीत उतरताना दोन्ही ब्रेक. बोलत बसू नये.'

मामा सकाळी सातला निघाले. मागे मडकं, दोन्ही बाजूंना शेंगांच्या पिशव्या, पाल्याचा भारा पाठीला. भिसे खिंडीच्या माथ्यापर्यंत हसनभाय स्कूटरवरून मागे होते आणि मला फोनवरून बातम्या देत होते. "जावयबापू, चढली! एक बकऱ्यांचा कळप पुढं गेला, पन चढली!" मी दुकानात एकटाच टाळ्या वाजवल्या आणि झेरॉक्सला आलेल्या बाई घाबरून बाहेर गेल्या. नागोठण्याला प्रवासाची पहिली शिफ्ट संपली. मामांनी इंजिन तासभर थंड केलं, लॉगबुकात लिहिलं, 'रोलर घसरतो. पुढच्या शिफ्टने लक्ष द्यावे,' नदीकडे तोंड करून भाकरी खाल्ली, पुढच्या शिफ्टला ते वाचलं आणि आधीच्या माणसाला शिव्या घालत रोलर आवळला. पुढे हायवेचं काम चाललेलं होतं. ते बारा महिने चाललेलंच असतं. तिथल्या रोडरोलरवाल्याने तो ताठ उभ्याने चालवला म्हणून मामांनी त्याला थांबवून सुरक्षेचे चार नियम सांगितले. बोलत बसू नये, हा शेरा त्या घटकेला त्यांना आठवला नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. "जावयबापू, मी गडबला हाय. परमिट संपला."

मला वाटलं पेट्रोल संपलं. बाटलीत पेट्रोल घेऊन मी स्कूटर दामटली. पेणच्या अलीकडच्या गडब गावात रस्त्याकडेच्या एका दुकानाच्या बाकावर मामा हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. सायकल शेजारी, डबा अर्धा भरलेला, इंजिन ठणठणीत. पेण उण्यापुऱ्या अर्ध्या तासावर. "मामा, चला की!" मी म्हणालो. त्यांनी परमिट पुढे केलं. तळाशी मीच छापलेली मुदतीची ओळ होती. मी म्हणालो, मी करतो सही. "तुमी सेफ्टी हाय काय?" मी रोह्याला मामींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मामी ओरडल्या, "अवो, माझी परवानगी हाय! जावा! बाय तिकडं वाट बघते!" दुकानदाराने ऐकलं, गिऱ्हाइकांनी ऐकलं, गडबच्या पाखरांनी ऐकलं. मामांनी मान हलवली. "तोंडी चालत नाय."

मी चिडलो. खरं सांगायचं तर माझा तोल गेला. ज्या भेटीसाठी दोन महिने खपलात ती एका सहीवरून घालवणार का, असं मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. मामा माझ्याकडे न बघता इंजिनाकडे बघत म्हणाले, "आमच्या प्लांटला एक पोरगा व्हता, पाटणसईचा. पायपाची लाइन उघडाया गेला. कोनीतरी लांबूनच सांगितलं, कर सुरू, परमिट मागनं येतो. त्याचा उजवा हात गेला, जावयबापू. कंदी लग्नात भेटला तर डावीनं रामराम करतो." ते कोणीतरी कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फोन अजून चालूच होता. त्यावरून मामी म्हणाल्या, "बसा तिथंच. मी येते एसटीनं, पेन घेऊन."

मी पेणला परत आलो तो सासूबाईंना काय सांगावं याची जुळवाजुळव करत. त्या नवं लुगडं नेसून दाराच्या आत खुर्चीवर बसल्या होत्या. मागच्या अंगणात पेंढा काढून ठेवला होता. मी सगळं सांगितलं: गाडी चांगली, माणूस चांगला, फक्त सही नाही, मामी येईपर्यंत अंधार पडेल, आज काही पोपटी होत नाही. सासूबाईंनी ऐकून घेतलं. "गडबला हाय ना? म्हंजे खिंड चढून आला?" मी हो म्हणालो. "मंग ऱ्हायलेलं मी जाते," असं म्हणून त्यांनी काठी उचलली आणि ज्या उंबऱ्यासाठी आम्ही चार महिने विनवण्या करत होतो तो एका दमात ओलांडला. माझी बायको रडायला लागली. सासूबाई तिला म्हणाल्या, "रडतेस काय? रिक्षा बोलव. आनि मीठ घे."

ऊन उतरता उतरता आम्ही गडबला पोहोचलो. रस्त्यालगत कापणी झालेलं भाताचं शेत होतं. दुकानदाराने शेतमालकाला हाक मारून परवानगी मिळवली, पेंढा दिला, अंडीही दिली. मामांनी मडकं भरलं, उपडं घातलं आणि माझ्याकडे कागद मागितला. जाळ करायचा म्हणजे परमिट आलंच. एवढ्यात एसटीतून मामी उतरल्या. आल्या त्याच पावली त्यांनी सायकलचं परमिट दुसऱ्या दिवशीपर्यंत वाढवून दिलं, जाळाचं लिहून दिलं, आणि तिसऱ्या कोऱ्या कागदावरही सही करून तो मामांच्या खिशात कोंबला. म्हणाल्या, "हा जन्मभराचा. भरा काय भरायचं ते." मग त्या नणंदेच्या गळ्यात पडल्या आणि दोघी मनसोक्त हसल्या. जाळ भडकला, काटक्या तडतडल्या, भांबुर्ड्याचा वास शेतभर पसरला. मामांनी पाण्याचे थेंब मारले, कान दिला, अजून नाही म्हणाले. पुन्हा मारले, पुन्हा नाही म्हणाले. हायवेवरून जाणारे ट्रकवालेसुद्धा वेग कमी करून बघत होते. तिसऱ्यांदा आवाज ऐकून मामांनी मान डोलावली आणि सगळे टाळ्या पिटत मडक्यावर तुटून पडले.

खाणं निम्म्यावर आलं तेव्हा माझं लक्ष बांधाकडे गेलं. मामांना मांडी घालता येत नव्हती. पाय लांब सोडून ते बहिणीशेजारी टेकले होते. सासूबाईंनी काठी बाजूला ठेवली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सुजलेला गुडघा त्यांच्या तळहातात मावत नव्हता. "लय दुखतो काय रे?" त्यांनी विचारलं. डॉक्टरला, मामींना, मला, सगळ्यांना गेलं वर्षभर मामांनी या प्रश्नाचं एकच उत्तर दिलं होतं: चालू आहे, काळजी नाही. त्यांनी जाळाकडे बघितलं आणि अगदी बारक्या आवाजात म्हणाले, "व्हय गो बाय. लय दुखतो." सासूबाई एका हाताने गुडघा चोळत राहिल्या आणि दुसऱ्या हाताने शेंगा सोलून गरम दाणे त्यांच्या तोंडात घालत राहिल्या. मामा लहान मुलासारखे तोंड उघडत होते. मामी हातात शेंग घेऊन तशाच थांबल्या होत्या आणि उशीर होतोय असं आमच्यापैकी कुणीही म्हणालं नाही.